तिसरं पेर

७ मार्च

जीवाश्माची फरशी आज आली. अकरा तुकडे, जुन्या गोधड्यांत गुंडाळलेले, आणि सुट्या कपच्यांचं एक पुठ्ठ्याचं खोकं. शीगौ गावातल्या एका म्हाताऱ्याने ती कित्येक वर्षं कपाटामागे उभी ठेवली होती. तो गेला. सुनेने भिंत रंगवायला म्हणून कपाट ओढलं आणि फरशी जमिनीवर आली. आता घरच्यांनी ती आमच्या संग्रहालयाला देऊन टाकली आहे.

डोकं, मान आणि छाती उघडी आहे, डावा पंख अजून दगडाखाली. उजव्या दंडाच्या हाडाला वरच्या टोकाशी कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पसरट कंगोरा दिसला आणि मी मोठ्याने ओरडले. टेरोसॉर! आमच्या भागात मासे आणि पक्षी पोत्याने निघतात, पण डायनासोरांच्या काळातला हा उडता ड्रॅगन, तोही जवळजवळ पुरा, आमच्याकडे एकही नव्हता.

बाबांनी तुकड्यांवरून एकदा हात फिरवला आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. सिगारेट ओठात होती, पण पेटवलेली नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता.

"गोळी घेतली का?"

"घेतली."

"मग असे का बसलात?"

"वारा खातोय. तेही विचारून खायचं का आता?"

हवेत नुसती पिवळी धूळ होती. रक्तदाब वाढला असणार. उद्या दवाखान्यात न्यायला हवं.

कू साहेब, म्हणजे आमच्या संग्रहालयाचे प्रमुख, म्हणाले की ही फरशी दर्शनी दालनात लागेल आणि खालच्या कार्डावर दगडातून हाडं मोकळी करणाऱ्याचं नाव जाईल. आजवर कार्डावर फक्त बाबांचं नाव गेलं आहे. या वेळी मला माझं हवं आहे. वहीत लिहायला कसली लाज? हवं आहे.

९ मार्च

बाबांनी ल्वान जिंगला शिष्य करून घेतलं!

ती जानेवारीत शेनयांगच्या विद्यापीठातून आली. दोन महिने बाबा तिच्याशी "सुई आण" आणि "सुई ठेव" याच्यापुढे बोलले नव्हते. आज सकाळी अचानक म्हणाले, चहा आण. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी पेला पुढे केला, "उस्ताद" म्हणाली आणि रडली. बाबांनी चहा प्यायला. कू साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शिष्याचं नाव उस्तादाच्या नावाखाली लागतं, ही रीत आहे. मुलीचं कधीच लागत नाही. मी अकरा वर्षं कार्यशाळेत आहे आणि नोंदवहीत माझ्यापुढे 'मदतनीस' लिहिलेलं आहे.

आईला सांगितलं तर ती हसली. "तुला चहा द्यायचाय? रोज देतेसच की त्यांना, तोही पाणचट. शिष्य बाहेरचे असतात, बाई. तू घरची."

मी हाडं शाळेत शिकले नाही, ताटात शिकले. आमच्याकडे कोंबडी शिजली की बाबा मला तंगडी लगेच देत नसत. वरचं टोक कोणतं, खालचं कोणतं, कशावरून? बरोबर सांगितलं तरच खायची. पंखाची तीन बोटं मी पाढे यायच्या आधी ओळखत होते. ल्वान हे सगळं पुस्तकातून शिकली आहे. तिला तंगडी आयती मिळाली असणार.

१४ मार्च

वाटणी झाली. डावा पंख ल्वान मोकळा करणार. शेपूट, पाठ आणि फरशीची मागची बाजू माझी.

"पंख मला का नाही?" मी सगळ्यांसमोर विचारलं. असं मी कधी करत नाही.

"तुझी मान दुखते," बाबा म्हणाले.

"माझी मान नाही दुखत."

"मग दुखेल."

टेरोसॉर म्हणजे पंख. बाकी शरीर आहे केवढंसं? पहिली तीन बोटं लहान, नखंवाली, आपल्यासारखीच. चौथं, म्हणजे अनामिका, एवढं लांब की उरलेला सगळा प्राणी त्याला टांगलेला वाटावा. त्या एका बोटावर अख्खा पंख ताणलेला. चार पेरं, टोकाला नख नाही. करंगळी नाहीच. आणि मनगटातून एक काडीसारखं हाड खांद्याकडे वळलेलं, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाही. हाडं आतून पोकळ, भिंती अंड्याच्या टरफलाएवढ्या पातळ. हे सगळं तिच्या सुईखाली जाणार, आणि मी शेपटीचे मणके मोजणार. शेपूट तरी किती? माझ्या अंगठ्याएवढी.

दुपारी ती हळूच माझ्या टेबलाशी आली. "सूयूनताई, मला धडधडतंय. तुम्ही शेजारी बसाल का? नुसत्या बसा."

मी उठणार होते. पलीकडून बाबा ओरडले, "शेजारी कुणी बसायचं नाही! उजेड अडतो."

त्या टेबलाला दोन बाजूंनी खिडक्या आहेत.

२ एप्रिल

पूर्वजांच्या थडग्यांवर जायचे दिवस. आईने कागदी फुलं केली. ल्वानचं गाव लांब आहे म्हणून बाबांनी तिला जेवायला बोलावलं. बोलावलं कसलं, ती आठवड्यात तीनदा येतेच. आंबवलेली कोबी आणि शेवया. तिने तीन वाडगे खाल्ले आणि आईचं कौतुक करून चौथा मिळवला.

"तुमच्याकडे जेवताना किती बोलतात!" ती म्हणाली. "आमच्या घरी जेवताना फक्त टीव्ही बोलायचा. ताई, तुम्हाला लहानपणी रोज असं शिकवायचे? रोज?"

मला तिचा सूर आवडला नाही. खेडवळ घरातली गंमत बघायला आल्यासारखा वाटला.

तिचं पहिलं पेर पुरं झालं, दुसरं निम्मं. खरं लिहायचं तर काम स्वच्छ आहे. सुईचे ओरखडे नाहीत. पण विद्यापीठाने दिलेला भारी मायक्रोस्कोप वापरून कुणाचंही काम स्वच्छ होईल.

बाबा रोज संध्याकाळी तिला एकच विचारतात, "कितवं पेर?" माझ्या मणक्यांचं कुणी विचारत नाही. आज तिने "दुसरं निम्मं झालं" म्हटलं तर म्हणाले, "सावकाश कर. घाई काय आहे? पुढच्या वर्षी झालं तरी चालेल." मला आयुष्यात असं कधी म्हणाले नाहीत. मला म्हणायचे, "झोपलीस का?"

११ एप्रिल

बाबा जेवत नाहीत. आई म्हणते, वय झालं. मी म्हणते, कामाचा ताण. ल्वानने त्यांच्यासाठी शेनयांगहून गुडघ्याचं मलम मागवलं. त्यांनी ते घेतलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. लाडाच्या माणसाशी ते असेच वागतात, हे मला माहीत आहे. माझ्याशी नाही वागत.

१९ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

दुपारी ल्वान पोस्टात गेली होती, बाबा घरी. मी तिच्या टेबलाशी गेले. लपून गेले नाही, दार उघडं होतं. पण ती असताना गेले नसते, हेही लिहिते.

चौथं बोट पूर्ण उघडं झालं आहे. चार पेरं. मी मायक्रोस्कोपखाली एकेक सांधा बघत गेले. पहिल्या पेराच्या वरच्या टोकाला पंख ताणणाऱ्या स्नायूची गाठ, ठीक. दुसरं ठीक. चौथं निमुळतं होत संपलेलं, ठीक. तिसऱ्याचं खालचं टोक दगडाच्या भुकटीत बुजलं होतं. मी ब्रशने थोडी झटकली.

तिथे दोन गोल उंचवटे होते, मध्ये खाच. कप्पीसारखे.

बोटाच्या पेराला असं टोक नसतं. पेराचं टोक साधं, उथळ बशीसारखं असतं. दोन उंचवटे म्हणजे तंगडी! मी हे टोक हजार वेळा चोखून साफ केलं आहे. पंखाच्या बोटात कुणाचं तरी पायाचं हाड बसवलं आहे.

नवखी माणसं असं करतात. सुई घसरते, हाड फुटतं, भीती वाटते, मग कपच्यांच्या खोक्यातून मापाचं दुसरं शोधून चिकटवतात आणि वर भुकटी भरतात. बाबा अशांना हाकलून देतात.

घरी येताना मी जवळजवळ पळत होते. कांदापात घ्यायची विसरले. इतका आनंद मला फरशी आली त्या दिवशीही झाला नव्हता.

२० एप्रिल

कू साहेबांना सांगितलं. ते दोन गोल उंचवटे दाखवले. ते म्हणाले, "हे ल्वानच्याच हातून झालं?"

मी म्हणाले, "पंख दगडाखाली होता. तिच्याशिवाय त्याला कुणी सुई लावलेली नाही."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. गोंद कुठला आहे, कधीचा आहे, ते मी तपासलं नाही. तपासायला पाच मिनिटं लागतात. मी घाईत होते.

२२ एप्रिल

ल्वानला बोलावलं. ती एवढंच म्हणत राहिली, "ते तसंच निघालं. खरंच तसंच होतं. टोक बुजलेलं होतं, मला वाटलं दगडच आहे."

"विद्यापीठात तंगडी शिकवत नाहीत वाटतं?" कू साहेब म्हणाले. कुणीतरी हसलं. मी नाही.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "उस्ताद, शिष्य तुमची. तुम्ही बोला."

बाबा जमिनीकडे बघत राहिले. शिष्यासाठी एक शब्द नाही! मला बरं वाटलं. चहाची किंमत एवढीच होती तर.

महिनाअखेरीस विद्यापीठाला पत्र जाणार: हाड बदलून लपवलं. असं पत्र गेलं की या क्षेत्रात तिला कुणी दारात उभं करणार नाही. तोवर तिने घरी जावं. सामान भरताना तिने मला विचारलं, "ताई, तुम्हाला तरी वाटतं का, मी असं करेन?"

"मला दिसलं ते मी सांगितलं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतं. मला दिसलं नाही. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नाही."

बस साडेतीनची होती. सोडायला कुणी गेलं नाही.

२४ एप्रिल

पंख माझ्याकडे आला. तिसरं पेर काढून जागा मोकळी करायची. कू साहेब म्हणाले, कार्डावर थोंग सूयून. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. तिच्या खुर्चीची उंची माझ्या मापाची केली. बाबा आज कामावर आले नाहीत.

२५ एप्रिल

ल्वानचा गोंद ॲसिटोनने सुटतो. कार्यशाळेतला प्रत्येक गोंद ॲसिटोनने सुटतो. मी थेंब टाकले, दहा मिनिटं थांबले. काही नाही. पुन्हा टाकले. काही नाही.

मग का कुणास ठाऊक, मी कोमट पाण्यात बुडवलेला कापूस ठेवला. थोड्या वेळाने भुकटी मऊ झाली, पेर हललं, आणि वास आला.

डुकराच्या कातडीचा वास. मी तो ओळखते. आमच्या मागच्या अंगणात, मी लहान असताना, बाबा खाणीत काम करायचे तेव्हा, एक काळी कढई असायची. कातडी दिवसभर उकळायची, तिचा चिकट रस झाला की त्यात दगडाचं पीठ आणि चिमूटभर चुलीची राख घालायची, म्हणजे रंग जमतो. तळाला लागू नये म्हणून सारखं ढवळायला लागायचं. ते काम माझं होतं. गावातली माणसं फुटक्या फरशा आणायची आणि बाबा त्या "पुऱ्या" करून द्यायचे. पुरं करणं, असाच शब्द होता. मला वाटायचं, बाबा डॉक्टर आहेत.

असा गोंद ल्वानकडे असणं शक्य नाही. असा गोंद जगात एकाच घरात होता.

मी कापूस फेकला, हात धुतले, पुन्हा धुतले.

२६ एप्रिल

बाबा ओट्यापाशी कांदापात चिरत होते. मी दारातच विचारलं.

"ते पेर तुम्ही बसवलंत?"

सुरी थांबली नाही. "पाण्याने सुटलं?"

"कोमट पाण्याने."

"हं. चांगला गोंद होता."

"बाबा!"

"खरं पेर फुटून गेलं होतं. शीगौच्या त्या म्हाताऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, विकायला फरशी पुरी हवी होती त्याला. अपुरं हाड कोण बघतं? दुसऱ्या फुटक्या फरशीतली तंगडी होती, माप जमलं. वरून दगडाचा थर चढवला, की ज्याला हवं त्याने कोरून काढावं. तेव्हा आम्हाला काय माहीत, या गोष्टी कुणी मायक्रोस्कोपखाली बघतं?" मग त्यांनी सुरी ठेवली. "पहिल्या दिवशीच ओळखली मी फरशी."

"मग पंख ल्वानला का दिलात?"

"तिला कळलं नसतं."

"आणि मला?"

"तुला पहिल्या दिवशी कळलं असतं."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! माझ्याइतकं हाड दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं. म्हणाले.

"आणि चहा?"

"शिष्य उस्तादाचं काम तपासत नाही. रीत आहे."

म्हणजे त्या एका पेल्यावर मी दीड महिना जळले आणि तो पेला तिचं तोंड बंद करायला होता. आणि तरी, लिहायचं म्हणून सगळंच लिहिते, मला आत्ताही वाटतं की तो मला द्यायला मिळाला असता तर.

आई मध्ये पडली. "पुरे! ती पोरगी शहरातली, पदवीवाली, तिला शंभर दारं. यांना दुसरं काय येतं? साठीला आलेल्या माणसाला कुठे उभं करणार तुम्ही?"

"मी उद्या जाऊन सांगतो," बाबा म्हणाले.

२७ एप्रिल

बाबा गेले नाहीत. सकाळी बूट घातले आणि पायरीवर बसून राहिले. दुपारी बूट काढले.

मी पंखाचं काम पुढे नेलं नाही. टेबलावर फडकं घातलं. मी गप्प राहिले तर कुणालाही कधी कळणार नाही. कोमट पाणी लावणारं दुसरं कुणी नाही. कार्ड छापायला गेलं आहे.

आई जेवताना माझ्या वाडग्यात मटणाचे तुकडे टाकत राहिली. मी ते खाल्ले.

२८ एप्रिल

गेले. बाबांना सांगून गेले. ते नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "गळपट्टा घे, वारा आहे."

कू साहेबांनी सगळं ऐकलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं. हाड बसवलं: थोंग ग्वानशान, खाण कामगार, संग्रहालयात येण्यापूर्वी. गोंद तयार करणारे: थोंग ग्वानशान. ढवळणारी: थोंग सूयून, वय नऊ.

"हे कशाला?" कू साहेब म्हणाले. "नऊ वर्षांची पोर. खोडून टाक."

"ढवळला मी."

"बरं. आणि ल्वानबद्दल?"

मी लिहिलं: आरोप थोंग सूयूनने केला, गोंद न तपासता.

ते वाचून त्यांनी चष्मा काढला. "तू? तू तर दोन वेळा तपासल्याशिवाय सहीसुद्धा करत नाहीस. गोंद का तपासला नाहीस?"

"तपासायचा नव्हता मला."

त्यांनी कागद फायलीत ठेवला. मी बाहेर आले तर बाबा आवारात उभे होते. पायांत बूट, हातात कार्यशाळेच्या किल्ल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. ते आत गेले, मी घरी आले. परतायला त्यांना खूप वेळ लागला. रिकाम्या हातांनी आले आणि आईला म्हणाले, "काय आहे खायला?" आईने ताट वाढलं आणि माझ्याशी बोलली नाही.

१२ मे

विद्यापीठाला पत्र गेलं नाही, ल्वानला फोन गेला. काल ल्वान परत आली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई, कोमट पाण्याचं कसं सुचलं तुम्हाला?" आणि खरंच उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "उस्तादांना भेटायला येऊ का घरी?"

"अजून उस्ताद म्हणतेस?"

"चहा दिलाय मी. मला राग येतो त्यांचा. पण चहा दिलाय."

मी म्हटलं, ये. आई तुला बघून जरा माणसात येईल. माझ्याशी अजून फक्त कामापुरतं बोलते.

तिसऱ्या पेराची जागा रिकामीच ठेवायची ठरली. भरायचं काही नाही. कार्डावर ल्वानचं एकटीचं नाव जाईल. मी घरची, म्हणून मला त्या फरशीला हात लावायची परवानगी नाही आणि ते बरोबर आहे. नवं कार्ड मीच टाइप केलं. नावावर एकही चूक केली नाही, आणि चूक व्हावी असं वाटलं, तेही इथे लिहून ठेवते.

आज तिने पुन्हा तेच विचारलं, "शेजारी बसाल का? नुसत्या बसा." ओरडायला बाबा नव्हते. मी बसले. ती मनगटातल्या त्या काडीसारख्या हाडावर काम करत होती. ते फुंकरीनेही तुटेल. सुई दगडाला लागायची आणि हाडाच्या आधी केसभर थांबायची, प्रत्येक वेळी. मी तासभर बघत होते.

तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मला हे जानेवारीपासून माहीत आहे. वहीत आज पहिल्यांदा लिहिते आहे.